नेहमीपेक्षा आठ जास्त

तुर्फोसा अडोयो कुणाच्या अंगणात शिरली, की त्या घरातली माणसं आधी एकमेकांकडे बघून सगळे धड आहेत ना याची खात्री करून घ्यायची आणि मगच तिला बसायला स्टूल द्यायची.

त्यात त्यांचा दोष नव्हता. तिचं कामच तसं होतं. तलावाकाठच्या कोसेवे गावातली दोनशे साठ घरं तिच्या वहीत होती. कोण जन्मलं, कोण वारलं, कोण लग्न होऊन आलं, कोण पोट भरायला नैरोबीला गेलं, हे सगळं ती टिपून ठेवायची आणि दर पंधरा दिवसांनी सायकलवरून शहरातल्या संशोधन केंद्रात नेऊन द्यायची. वहीत जन्माचं पान होतं, लग्नाचं होतं, येण्याजाण्याचं होतं. लोकांनी मात्र नेमकं चौथं पान लक्षात ठेवलं. तिचं माहेर उगेन्याचं, म्हणून तोंडावर तिला 'उगेन्याची लेक' म्हणत. पाठीमागे तिचं नाव होतं 'मरणाची कारकून'.

ओढ्यापलीकडचा म्हातारा न्यावारा तर तिची सायकल दिसली, की काठी उंच करून ओरडायचा, "अजून नाही गं! पुढच्या घरी जा!"

"जाते, आजोबा. पण चहा पिऊन जाते."

"पी. पण पेन बाहेर काढू नकोस."

हे काम तिला मिळालं त्याची एक गोष्ट होती. चौदा वर्षांपूर्वी केंद्राची माणसं गावात आली, तेव्हा चार बायका मुलाखतीला बसल्या होत्या. तिघींनी तिच्यापेक्षा जास्त शाळा पाहिली होती. साहेबाने प्रत्येकीला विचारलं, "तुमच्या शेजारच्या घरात माणसं किती?" एकीने सांगितलं सात, एकीने नऊ, एकीने बोटं मोजली. तुर्फोसा मात्र गप्प. साहेब म्हणाला, "येत नाही वाटतं?" ती म्हणाली, "येतं. पण माणसं काय कोंबड्या आहेत, आकडा सांगायला? नावं सांगते." आणि तिने धाकट्यापासून थोरल्यापर्यंत अकरा नावं सांगितली, त्यातली दोन बोर्डिंगात असलेल्या पोरींची. कोसेवेत माणसांची मोजदाद कुणी उघड करत नसे. मोजलेलं घटतं, अशी भीती. साहेबाने बाकीच्या तिघींना चहा पाजून घरी पाठवलं.

तेव्हापासून तिने आपली रीत ठरवून टाकली. कुणी गेलं का, असं ती कधीच विचारत नसे. अंगणात बसून म्हणायची, "काय, सगळे जेवतायत ना?" कुणी "हो" म्हटलं तर उठायची. कुणी नुसतीच मान खाली घातली, तर चहा गार होईपर्यंत बसायची. आणि मग दाराआड जाऊन पेन काढायची. कशाने गेलं, हा रकाना तिच्या वहीत नव्हताच. त्या चौकशीला महिनाभराने केंद्रातून दुसरी माणसं यायची. तिने लिहायचं एवढंच: नाव, वय, दिवस.

वयावरून मात्र रोजचं भांडण होतं, आणि ते तिच्या घरातच होतं.

तुर्फोसाचा नवरा ओगुटू आठ वर्षांपूर्वी गेला होता. त्याची नोंद तिने स्वतःच्या हाताने केली होती आणि त्या ओळीवर शाई थोडी पसरली होती. त्याच्या मागे राहिल्या दोघी सवती. एका कुंपणात समोरासमोर दोन घरं, मध्ये आंब्याचं झाड आणि कुणाच्या आहेत हे कधीच न ठरलेल्या कोंबड्या. थोरली डोर्सिला. अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून भरलेली. चौदा वर्षांपूर्वी पहिल्याच नोंदणीत तिने आपलं वय एकोणपन्नास सांगितलं होतं.

"थोरलीबाई," तुर्फोसा दर वर्षी नव्याने सुरुवात करायची, "तुझा मोठा मुलगा बावन्नचा. वहीत तू त्रेसष्टची. म्हणजे अकराव्या वर्षी बाळंत झालीस का गं?"

"मी लवकर मोठी झाले."

"केंद्रातली पोरं हसतात मला."

"हसू दे. म्हातारी लिहिलीस ना, तर तुझ्या कोंबड्या माझ्या आहेत असं साऱ्या गावाला सांगेन."

"त्या माझ्याच आहेत."

"तेच म्हणते मी."

तर असं सगळं चाललेलं असताना, साऱ्या जगाला धरलेला तो नवा आजार रेडिओवर आला.

पहिलं वर्ष कोसेवेला तो नुसता ऐकूच आला. गावचा मुखिया, ज्याला तिथे लिगुरू म्हणतात, तो झॅब्लॉन ओवूचे. उंच, किडकिडीत, कोट घातल्याशिवाय दात न घासणारा. त्याने वाटेवर नळ लावलेली बादली टांगली, साबणाला दोरी बांधली आणि जाहीर केलं, की कोसेवेत आजाराचा आकडा शून्य आहे. पुढे दर रविवारी चर्च सुटल्यावर तो हा शून्य पुन्हा जाहीर करायचा. शेजारच्या गावाच्या मुखियासमोर तर हमखास. हळूहळू तो शून्य त्याच्या कोटासारखाच झाला. तो उतरवून ठेवायला त्याला जमेना.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये गाव खोकायला लागलं.

आधी चर्चमध्ये ढोल वाजवणारा बर्नाबा गेला. घरच्यांनी सांगितलं, मलेरिया. मग बुन्योरेहून बदलून आलेले इंगोसी मास्तर गेले. भाड्याच्या खोलीत राहायचे, त्यांना त्यांच्या माणसांनी आपल्या गावी नेऊन पुरलं. सगळे म्हणाले, रक्तदाब. मग एका आठवड्यात दोघे सख्खे भाऊ गेले, तर लोक म्हणाले, बापाने जमिनीवरून दिलेला शाप. लिगुरूचा चुलता गेला. लिगुरू म्हणाला, म्हातारपण. चुलता साठीचा होता आणि मे महिन्यापर्यंत झाडावर चढून पपया काढत होता.

जुलैच्या मध्यावर विलिकिस्टा गेली.

विलिकिस्टा बाजारात ओमेना विकायची, बोटाएवढी सुकी मासळी. तिच्याकडून मासळी घेणं म्हणजे अर्ध्या गावाची खबर फुकट घेणं. तिच्या शेजारच्याच गोणपाटावर युनिया बसायची, तीही ओमेनावालीच. दोघींचं वीस वर्षांचं वैर होतं आणि दोघीही त्यावर पोसलेल्या होत्या. विलिकिस्टा चार दिवसांत धाप लागून गेली, आणि तिच्या दिराने मयताच्या मंडपातच सांगून टाकलं, की युनियाने काहीतरी केलं. दुसऱ्या दिवसापासून युनियाच्या गोणपाटापाशी कुणी थांबेना. माश्या मात्र थांबायच्या.

तुर्फोसाने विलिकिस्टाचं नाव लिहिलं आणि पान उलटायला गेली. तेव्हा तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. चौथ्या पानावर बारा ओळी असत, आणि ते पान तिला वर्षभर पुरायचं. एखाद्या वर्षी तर दोन ओळी उरायच्या. या वर्षी जुलैतच पान संपलं होतं.

तिने नवं पान काढलं आणि दुसऱ्याच दिवशी लिगुरू तिच्या अंगणात आला. टोपी हातात, म्हणजे काम अवघड होतं.

"उगेन्याच्या लेकी, तुम्ही हल्ली फार लिहिता असं ऐकतो."

"फार नाही लिगुरू, तेवढंच लिहिते. लोकच फार जातायत."

"तसं नाही म्हणायचं! कोसेवेत आजार नाही. तुम्हीच सांगा, यातलं कोण त्या आजाराने गेलं? बर्नाबा मलेरियाने. मास्तर रक्तदाबाने. माझे काका वयाने. एक तरी दाखवा."

"मला काय विचारता? माझ्या वहीत तो रकानाच नाही."

"मग ही नावं एवढी एका जागी का दिसतात?"

"ते त्यांनाच विचारावं लागेल."

झॅब्लॉनने टोपी दोनदा फिरवली. "थोडी नावं पुढच्या वर्षात ढकलता नाही का येणार?"

समोरच्या दारातून डोर्सिलाचा आवाज आला, "त्यांना पुढच्या वर्षी यायला जमेल का ते विचारून बघ, लिगुरू!" आणि हसता हसता ती खोकायला लागली. तो खोकला थांबेचना.

पुढचे नऊ दिवस तुर्फोसा वही घेऊन कुणाच्याही घरी गेली नाही. ती डोर्सिलाच्या घरात होती. निलगिरीच्या पाल्याची वाफ देत होती, लिंबाचं पाणी पाजत होती, पालथं झोपवून पाठ चोळत होती. दवाखान्यातल्या नर्सने हातपंपाएवढं एक ऑक्सिजनचं सिलिंडर दोन दिवसांसाठी दिलं आणि वर सांगितलं, की त्यानंतर ते दुसऱ्या गावाला लागेल. सहाव्या दिवशी दुपारी डोर्सिलाला वाटलं, आता संपलं. तिने धाकटीचा हात धरला.

"धाकटे, वही आण."

"गप पड."

"आण म्हणते ना. माझ्याविषयी खोटं लिहून तुला देवापुढे उभं राहावं लागायला नको." तिने दोन श्वास गोळा केले. "एकाहत्तर."

"काय एकाहत्तर?"

"वय माझं. एकाहत्तर पुरी. ज्या साली टोळधाड आली ना, त्या साली मी चालायला लागले होते. आणि कोंबड्या..."

"कोंबड्यांचं काय?"

"त्या माझ्याच आहेत," डोर्सिला म्हणाली आणि डोळे मिटले.

तुर्फोसाला रडू फुटलं. त्या रडण्यातच तिला हसूही फुटलं, आणि दोन्ही एकदम आवरेना म्हणून ती दाराबाहेर जाऊन आंब्याखाली बसली. संध्याकाळी डोर्सिलाने आंबील मागितली. दुसऱ्या दिवशी मक्याची घट्ट उगाली आणि मासळी मागितली. नवव्या दिवशी ती काठी टेकत अंगणात आली आणि पहिलं वाक्य बोलली ते हे:

"मी तापात काही बोलले असेन, तर ते मनावर घ्यायचं नाही."

"मी लिहून टाकलं."

"पुसून टाक!"

"पेनाने लिहिलंय."

त्यानंतर चार दिवस डोर्सिला तिच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी चूल पेटेना म्हणून निखारे मागायला आली. तेवढ्यात "एकाहत्तरला शोभेल असं चाल गं" हे ऐकावं लागलंच.

ऑगस्ट संपला तेव्हा खोकला ओसरला होता. जून, जुलै, ऑगस्ट या तीन महिन्यांत तुर्फोसाच्या वहीत अकरा नावं आली होती.

सप्टेंबरात फेस्टस नावाचा एक तरुण आला. शहरातल्या कुठल्याशा मदतसंस्थेचा, मोठी गोल टोपी, बूट असे की चिखलाला लाज वाटावी. त्याला तीन दिवसांत बावीस गावं करायची होती. त्याने युक्ती काढली. कोसेवेत माणूस आपल्याच कुंपणात पुरला जातो, तेव्हा घराघरांवरून फिरायचं, ताज्या मातीची थडगी मोजायची, की झालं. कुणाशी बोलायला नको आणि चहात वेळ जायला नको. त्याने कोसेवे एका सकाळीत उरकलं. थडगी भरली सतरा. मग त्याला कुणीतरी तुर्फोसाच्या वहीविषयी सांगितलं. त्याने ती चाळली आणि भुवया वर केल्या.

"अकरा? बाई, तुमची सहा माणसं गळली."

"गळली नाहीत. तुमचीच जास्त झालीत."

"मी डोळ्यांनी बघून आलोय. थडगं खोटं बोलत नाही."

"थडगं काहीच बोलत नाही, बाबा. तीच तर अडचण आहे. घरात बसून विचारावं लागतं."

त्याने ऐकलं नाही. त्याने केंद्राला पत्र पाठवलं, की तुमची गावातली नोंदकार घरी बसून वही भरते. आणि लिगुरूने, ज्याला अकरासुद्धा जड जात होते, सतरा ऐकताच हाय खाल्ली. दोन दिवस त्याने कोटच घातला नाही.

केंद्रातून मिस एव्हरलिन आली. तुर्फोसाच्या वह्या तपासणारी, तिशीची, मोटरसायकल चालवणारी, कामात काटेकोर. स्टूलवर बसताच म्हणाली, "मावशी, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण आता मला प्रत्येक थडग्याची गोष्ट हवी."

"मग बूट काढ आणि चप्पल घाल. दोन दिवस लागतील. आणि चहाला नाही म्हणायचं नाही."

दोघी घरोघर फिरल्या. एका थडग्याशी तुर्फोसा म्हणाली, "हा ओलाल. तीस वर्षं मोंबासाला होता. तिथेच राहिला, तिथेच गेला, शवपेटीतून घरी आला. तो माझ्या वहीत कसा येईल? माझ्या वहीत जिवंतपणीच नव्हता." दुसऱ्या घरी किसुमूची सून, तिसऱ्या घरी नैरोबीचा ड्रायव्हर. अशी बाहेर जगलेली आणि पुरायला घरी आणलेली माणसं निघाली सहा. एव्हरलिन लिहीत गेली. सतरातून सहा वजा केले, तर उरली अकरा.

"जुळलं की," एव्हरलिन म्हणाली.

"जुळलं नाही," तुर्फोसा म्हणाली. "इंगोसी मास्तर माझ्या वहीत आहेत, पण ते त्यांच्या गावी पुरले. म्हणजे माझ्या अकरांपैकी थडगी इथे दहाच हवीत. एक थडगं जास्त आहे."

एव्हरलिनने वहीतून डोकं वर काढून तिच्याकडे बघितलं. "कुणाचं?"

तुर्फोसा तिला तलावाच्या अंगाला रादिदोच्या घरी घेऊन गेली. रादिदो कोळी. जूनच्या सुरुवातीला त्याची होडी पालथी मिळाली, माणूस मिळाला नाही. तीन आठवडे वाट बघून घरच्यांनी रीतीप्रमाणे केलं. प्रेत नसेल तर यागोच्या झाडाचं लांबट, जड फळ माणसाच्या जागी पुरायचं, म्हणजे त्याचा जीव पाण्यात भटकत नाही. रडारड झाली, बैल कापला, त्याच्या बायकोने डोकं भादरलं.

"मग तुम्ही त्याला का नाही लिहिलं?" एव्हरलिनने हळूच विचारलं.

"मी मेलेलं माणूस लिहिते. फळ लिहीत नाही." मग तिने आवाज आणखी खाली आणला. "त्याला मी येण्याजाण्याच्या पानावर घातलंय. 'गेला. कुठे, माहीत नाही.' त्याचा भाऊ माझ्याशी अजून बोलत नाही त्यावरून."

एव्हरलिन हसली नाही. तिने ती ओळ वाचली आणि तिच्यापुढे बारीकशी खूण केली.

त्यानंतर दोन आठवड्यांनी, बाजाराच्या दिवशी भर सकाळी रादिदो धक्क्यावर उतरला.

आधी लाकडं वाहणाऱ्या बायकांनी त्याला पाहिलं आणि लाकडं टाकून पळाल्या. मग लिगुरूने पाहिलं आणि तो कोटासकट टोमॅटोंच्या ढिगामागे बसला. रादिदो बाजारभर "अरे मी आहे, मी!" करत फिरत होता आणि बाजार त्याच्या पुढे पुढे सरकत होता. शेवटी तो थेट तुर्फोसापुढे येऊन उभा राहिला, कारण पळाली नव्हती ती एकटीच. अर्थात तिचे गुडघे दुखत होते हेही खरं.

"उगेन्याच्या लेकी, तू तरी सांग यांना! तुझ्या वहीत मी मेलोय का?"

तुर्फोसाने चष्मा लावला, वही काढली, पान उलटलं.

"नाही. तू नुसताच गेला आहेस. होतास कुठे?"

रादिदोने जमिनीकडे बघितलं. होडी उलटली तेव्हा युगांडाकडच्या मचव्याने त्याला उचललं होतं, पलीकडच्या बेटावर नेलं होतं, आणि सरहद्द बंद असल्याने परत येता आलं नव्हतं. एवढं त्याने सांगितलं. बेटावर त्याला मासळी वाढणारी एक बाई भेटली होती आणि सरहद्द तो सांगत होता त्याच्या बरीच आधी उघडली होती, हे कळायला बायकोला आणखी दोन दिवस लागले. ते कळल्यावर डोकं भादरलेल्या त्या बाईने, यागोचं फळ उकरून नवऱ्याला तिथेच झोपवते, असं जाहीर केलं. वडीलधाऱ्यांनी मध्ये पडून, एक मेंढा कापून त्याला रीतसर जिवंत करून घेतलं.

फेस्टसने दुसरं पत्र पाठवलं नाही.

ऑक्टोबरात अंजिराच्या मोठ्या झाडाखाली सभा भरली. एव्हरलिन मोठा कागद घेऊन आली होती, त्यावर रेषा होत्या. तिने सुरुवात केली, की दर वर्षी जून ते ऑगस्टमध्ये सरासरी किती मृत्यू होतात ते पाहिलं, तर... आणि मागून कुजबुज उठली. बायांनी पोरांना जवळ ओढलं. माणसांचा आकडा भर सभेत! न्यावाराने काठी आपटली.

तुर्फोसा उठली. "पोरी, कागद गुंडाळ. मी वाचते."

तिने पाच वर्षांपूर्वीची वही उघडली आणि त्या जून ते ऑगस्टची नावं वाचली. तीन. थांबली. पुढच्या वर्षीची वाचली. चार. थांबली. मग दोन. मग तीन. मग मागच्या वर्षीची, पुन्हा तीन. प्रत्येक नावाला कुठूनतरी हुंकार येत होता. कुणी "माझी आई" म्हणत होतं, कुणी "अरे, तो होय" म्हणून हसतही होतं, कारण एक जण गाढवावरून पडून गेला होता आणि ते गाढव अजून गावात होतं.

मग तिने या वर्षीची वही उघडली. बर्नाबा. इंगोसी मास्तर. दोघे भाऊ. लिगुरूंचे काका. विलिकिस्टा. ती वाचतच राहिली. एरवी जिथे थांबायची तिथे या वेळी ती थांबली नाही, पुढे गेली, आणखी पुढे गेली. लोक आता हुंकार द्यायचे विसरले होते. अकरावं नाव झालं तेव्हा तिने वही मिटली.

झॅब्लॉन उभा राहिला. "पण प्रत्येकाचं कारण वेगळं होतं," तो म्हणाला. आवाजात जोर नव्हता.

"असेल, काका," एव्हरलिन म्हणाली. "एकेकाचं कारण मला आज सांगता येणार नाही. पण मलेरिया मागच्या वर्षीही होता. रक्तदाब होता, म्हातारपण होतं, शापही असतील. ते सगळे मिळून दर वर्षी साधारण तीन माणसं नेतात. या वर्षी त्यांच्याबरोबर आणखी कोण आलं होतं, एवढंच विचारायचंय. तुमच्या एकट्या गावाचं असतं, तर मीही योगायोग म्हटलं असतं. पण आसपासच्या अकरा गावांतल्या वह्याही हेच सांगतात, त्याच महिन्यांत."

"म्हणजे नेहमीपेक्षा..." झॅब्लॉनने बोटं मिटली, उघडली. "आठ जास्त."

"आठ जास्त."

तो खाली बसला. चुलत्याच्या आठवणीने असेल, त्याने कोटाच्या बाहीने नाक पुसलं. गावाने ते पहिल्यांदाच बघितलं.

तेवढ्यात विलिकिस्टाचा दीर उठला. "हे सगळं ठीक. पण आमच्या वहिनीचं युनियानेच केलं, हे आम्हाला..."

"बस खाली!" डोर्सिला उठली होती. काठी सोडून उठली होती. "आठ जास्तीची माणसं गेली. मास्तर गेला, ढोलवाला गेला. पलीकडच्या अकरा गावांतली गेली. ती सगळी युनियाने नेली? एवढा वेळ तिला कुठून मिळाला रे? तिच्या शेतातलं तण कमरेपर्यंत वाढलंय! मीसुद्धा जात होते. माझं कुणी केलं होतं, या धाकटीने? हिला मिरची वाटताना डोळ्यात जाऊ न देणं अजून जमत नाही!"

आधी एक जण हसला. मग न्यावारा हसला, त्याला ठसका लागला, आणि सगळे घाबरून त्याच्याकडे बघायला लागले. त्याने काठी उंच करून "अजून नाही!" म्हटल्यावर सगळी सभाच हसत सुटली. युनिया झाडाच्या मागच्या बाजूला एकटी बसली होती. ती हसली नाही. तोंडावर दोन्ही हात घेऊन ती रडत होती. विलिकिस्टाचा दीर बसला, पण बसला तो तिच्याकडे पाठ न करता.

झॅब्लॉनचा शून्य त्या दिवशी संपला. आठवडाभर तो उदास होता. नंतर शेजारच्या गावाचा मुखिया वाटेत भेटला, तेव्हा हा कोट नीट करून म्हणाला, "आमचे नेहमीपेक्षा आठ जास्त. तुमचे किती? माहीत नाही? अरेरे. वही ठेवायला हवी, भाऊ." आणि तुर्फोसाच्या घरी येऊन तो नवं पेन देऊन गेला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी दोघी सवती बरोबर निघाल्या. डोर्सिला वाटेत दोनदा थांबली, धापेने नव्हे, तर येणाऱ्याजाणाऱ्याला आपण बऱ्या झालो हे दाखवायला. मासळीबाजारात विलिकिस्टाची जागा रिकामी होती. तिथे कुणी गोणपाट टाकलं नव्हतं. शेजारी युनिया ओमेनाचा ढीग लावून बसली होती, समोर कुणी नव्हतं.

डोर्सिला तिच्यासमोर काठी टेकून उभी राहिली आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ही काय मासळी आहे की झाडूच्या काड्या?"

युनियाने वर बघितलं. तिच्या ओठांना क्षणभर कसं हलावं ते आठवेना. मग ती म्हणाली, "काड्या चावायला दात तरी आहेत का तुला, एकाहत्तरच्या म्हातारे?"

डोर्सिला गर्रकन वळली. "धाकटे! हिला कुणी सांगितलं?"

तुर्फोसा तोवर पिशवी उघडून खाली बसली होती. "भर गं युनिया," ती म्हणाली, "वरपर्यंत भर. ही आजारातून उठलीय, खाते फार."

मागे दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे आणखी एक.